एकशे एकोणीस नंबरचा पत्ता

आमच्या जलशुद्धीकरण केंद्रात तिला सगळे एक्स्टेन्शनताई म्हणत. बावीस वर्षांपूर्वी ती टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली, तेव्हा जिन्याखालच्या खोलीत एक बोर्ड होता आणि त्यावर नव्वद एक्स्टेन्शन होती. कुणाचा नंबर कुठला, कोण जागेवर सापडतो, कोण फोन वाजत राहिला तरी उचलत नाही, हे सगळं तिला तोंडपाठ. पुढे बोर्ड गेला आणि त्या जागी नेटवर्क आलं. आता हिला कुठं टाकायचं, असा प्रश्न ऑफिसला पडला असतानाच ती दोन वर्षं संध्याकाळचे वर्ग करून, परीक्षा पास होऊन, सर्टिफिकेट साहेबांच्या टेबलावर ठेवून मोकळी झाली. तेव्हापासून नेटवर्क सेक्शन तिच्याकडे. सेक्शन म्हणजे ती, एक कॉम्प्युटर आणि एक घरघरणारा पंखा. नाव मात्र एक्स्टेन्शनताईच राहिलं. तिला ते आवडत नसे, पण बावीस वर्षांत कुणी तिला विचारलं नाही.

मी तिथं केमिस्ट. माझी लॅब तिच्या खोलीच्या समोर, पॅसेजच्या पलीकडे. दर दोन तासांनी पाण्याचा नमुना घ्यायचा, त्यात क्लोरीन किती आहे ते बघायचं आणि रजिस्टरमध्ये आकडा लिहायचा, हे माझं काम. ही गोष्ट तिची आहे. पण त्या गोष्टीत मीही येतो, आणि फारसा चांगला येत नाही. ते आधीच सांगितलेलं बरं.

झालं असं की वरून हुकूम आला, केंद्राचं सगळं नेटवर्क आता नव्या सॉफ्टवेअरवर घ्यायचं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीही कुणाशीही बोलू शकत असे. नव्याचा कायदा कडक. प्रत्येक यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे त्याचा आकडा, आधी नोंदवायचा. मग ते यंत्र कुठल्या कामासाठी बोलतं, त्याची वेगळी नोंद करायची. त्या सॉफ्टवेअरच्या भाषेत पहिली नोंद ‘अ‍ॅड्रेस’ आणि दुसरी ‘अ‍ॅप्लिकेशन’. मग दोन्हींची सांगड घालून सांगायचं, की या पत्त्याने त्या पत्त्याशी फक्त या कामापुरतं बोलावं. ज्याची नोंद नाही त्याचं तोंड बंद. बाहेरच्या कुणी चोरून आत शिरू नये म्हणून हे सगळं, आणि कल्पना चांगलीच होती. ताईलाही ती पटली होती. सुरुवातीला तर ती खुशीत होती. म्हणाली, “एकदाचं कळेल तरी, या केंद्रात काय काय आहे ते.”

ती खुशी तीन दिवस टिकली.

पहिली कटकट त्या फॉर्मची. दहा मिनिटं हात लावला नाही तर सॉफ्टवेअर तिला बाहेर काढायचं आणि भरलेलं सगळं पुसून टाकायचं. आता एखाद्या यंत्राचा आकडा बघायला पंप हाउसपर्यंत जायचं तर नुसतं जायलाच सात मिनिटं. ती धापा टाकत परत यायची आणि समोर कोरा फॉर्म. मग तिने आधी वहीत लिहायचं आणि नंतर भरायचं ठरवलं. तर नावात मोकळी जागा चालत नाही. बारीक रेघ चालते, पण पहिलं अक्षर आकडा असून चालत नाही. काही चुकलं की लाल पट्टी यायची, ‘नोंद अवैध’. काय अवैध, कुठं अवैध, ते सांगायचं नाही.

त्यात एकदा घाईघाईत तिच्या हातून ‘पंप’चं ‘पपम’ झालं. दुरुस्त करायला गेली तर नाव बदलता येत नाही. नोंद काढून टाकायला गेली तर म्हणे, ही नोंद वापरात आहे, आधी सगळ्या गटांतून काढा. गटातून काढायला गेली तर म्हणे, गटात निदान एक नोंद असायलाच हवी. तिने हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या माणसाचा आवाज मधासारखा गोड.

“मॅडम, तुम्ही नाव आधीच बरोबर टाकायला हवं होतं.”

“ते मला आता कळलंय. आता काय करू?”

“आता, मॅडम, तसंच राहू द्या. कामात काही फरक पडत नाही.”

तो तिसऱ्या नंबरचा पंप आजही आमच्याकडे ‘पपम तीन’ आहे. पंप हाउसमधले लोक त्याला तोंडावर पपम तीन म्हणतात. तिच्या समोर म्हणतात, म्हणजे मुद्दामच म्हणतात.

ती घरी गेली की नवरा विचारायचा, “किती नोंदी झाल्या?” तो शाळेत गणित शिकवतो, त्याला आकड्यात बोलायची सवय.

“एकतीस.”

“काल चाळीस सांगितल्या होत्यास ना?”

“नऊ उडाल्या.”

“उडाल्या म्हणजे?”

“ते कळलं असतं तर त्या उडाल्या असत्या का?” असं म्हणून ती ताट घेऊन आत जायची. हे तिनेच मला सांगितलं. वर म्हणाली, “तो बिचारा चांगल्या मनाने विचारतो, आणि मी त्याच्यावर खेकसते. हेल्पलाइनवर खेकसता येत नाही ना.”

पण खरी डोकेदुखी सॉफ्टवेअरची नव्हती, माणसांची होती. यंत्र कुठलं, कशासाठी आहे, हे त्या त्या विभागाने सांगायचं. तिने सगळ्यांना एक-एक कागद दिला. वर लिहिलं होतं, ‘आपल्या विभागात नेटवर्कला जोडलेली यंत्रे’, खाली सात रकाने, शेवटी सही. स्टोअरवाल्याने कागद स्टोअर करून ठेवला. कंट्रोल रूमच्या ऑपरेटरने तिच्या हातात एक जुना नकाशा दिला आणि म्हणाला, “यात सगळं आहे, याच्यावरून घ्या.” फिल्टर हाउसच्या फोरमनने ‘लागू नाही’ असं लिहून खाली झोकदार सही केली. त्याच्याकडे अकरा यंत्रं निघाली. ती स्वतः जाऊन मोजून आली आणि ती यादी तिने त्याच्यासमोर ठेवली.

“ही काय मशिनं आहेत होय?” तो म्हणाला. “हे तर आमचे मीटर आहेत.”

माझ्याकडेही ती आली होती. मी तेव्हा बाटल्या धूत होतो.

“केमिस्ट, तुमच्या लॅबमध्ये नेटवर्कवर काय काय आहे?”

“एक कॉम्प्युटर. दिलाय लिहून.”

“बाकी काही? नीट आठवा.”

“बाकी काय असणार? बाटल्या आहेत. त्या जोडून देऊ का?”

ती हसली नाही. कागद पुढे केला आणि मी ओल्या हातानेच सही केली. सहीवर पाण्याचा थेंब पडून शाई फुटली, ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं.

तीन आठवड्यांत तिने दोनशे चौदा पत्ते भरले आणि सदतीस कामं. कॅमेऱ्यांचं वेगळं, प्रिंटरचं वेगळं, टाक्यांच्या पातळीचे आकडे येतात त्याचं वेगळं. राहिले चार. हे चार पत्ते नेटवर्कवर दिसत होते, अधूनमधून बोलत होते, पण कुणाचे ते कळत नव्हतं. त्यांतला एक तर दर मिनिटाला न चुकता कंट्रोल रूमकडे चिमूटभर काहीतरी पाठवायचा. त्याच्या शेवटी एकशे एकोणीस हा आकडा. तिने त्याची वायर शोधायचा प्रयत्न केला. तिच्या खोलीतल्या नेटवर्कच्या डब्यातून निघालेली त्याची निळी वायर साठ-सत्तर वायरींच्या जुडग्यात मिसळून भिंतीत गेली होती, आणि त्या जुडग्यातल्या एकाही वायरीला चिठ्ठी नव्हती.

ती पॅसेजमध्ये उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, “एकशे एकोणीस कुणाचा?” लोक हसायचे. कुणीतरी म्हणालं, “माझा नाही, मी सध्या एकटाच आहे.” मीही हसलो होतो.

कंट्रोल रूमच्या ऑपरेटरला तिने दोनदा विचारलं, “तुमच्या स्क्रीनवर जे जे आकडे येतात ते कुठून कुठून येतात?” त्याने पुन्हा तोच नकाशा पुढे केला. पंपांचे आकडे पंप हाउसमधून, टाक्यांचे टाक्यांवरून, क्लोरीनचा आकडा फिल्टर हाउसमधून. त्या सगळ्या ठिकाणची यंत्रं तिच्या यादीत आली होती. मग हा एकशे एकोणीस कोण?

शेवटी ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे आमचे कार्यकारी अभियंता. माणूस वाईट नाही, पण त्यांना कुठलीही गोष्ट टेबलावर राहिलेली आवडत नाही.

“सर, मला दोन आठवडे हवेत आणि एक वायरमन. चार पत्ते सापडत नाहीयेत.”

“दोनशे चौदा सापडले ना?”

“हो.”

“मग चाराचं काय घेऊन बसलात? सोमवारी जुन्या सॉफ्टवेअरची मुदत संपते. सोमवारी सकाळी दहाला नवीन सुरू झालं पाहिजे, मी वर कळवून बसलोय.”

“मग सर, हे चार आपण तात्पुरते उघडे ठेवू. कशासाठी बोलतात ते माहीत नसलं तरी चालेल, सगळ्याला परवानगी देऊ. सापडले की बंद करू.”

“उघडे ठेवायचे तर हे सॉफ्टवेअर घेतलं कशाला? वरून तपासणी आली तर पहिलं तेच बघतील. बंद करा. ज्याचं असेल तो ओरडत येईल, मग सुरू करू.”

“आणि नाही ओरडला तर?”

“म्हणजे कुणाला गरज नाही.”

हे बोलणं तिने खोलीत येऊन तारीख घालून लिहून काढलं आणि साहेबांना ईमेलने पाठवलं. ‘आपल्या सूचनेनुसार चार अनोळखी पत्ते बंद करीत आहे. माझ्या मते त्यात धोका आहे.’ उत्तर आलं नाही.

सोमवारी सकाळी दहा वाजता तिने ‘लागू करा’चं बटण दाबलं. पाच मिनिटं ती फोनकडे बघत बसली. एक फोन आला, स्टोअरचा प्रिंटर चालेना म्हणून. तो तिने दहा मिनिटांत सुरू करून दिला. मग काहीच नाही. साडेअकराला मी चहाला बोलावलं तर म्हणाली, “नको. कुणीच ओरडत नाहीये, हेच मला बरं वाटत नाहीये.”

आता माझं सांगतो.

बाराचा नमुना मी घेतला नाही. दुपारी एक अहवाल द्यायचा होता, त्यात अडकलो होतो. कंट्रोल रूमला फोन केला, “स्क्रीनवर क्लोरीन किती?” तो म्हणाला, “पॉइंट आठ.” मी रजिस्टरमध्ये ०.८ लिहिलं. हे मी पहिल्यांदा करत नव्हतो. वर्षानुवर्षं स्क्रीनचा आकडा आणि माझा आकडा जुळत आला होता, त्यामुळे हाताने तपासणं मला उगाचचा सोपस्कार वाटू लागला होता.

दोनचा नमुना मात्र घेतला. नळीत पाणी भरलं, गोळी टाकली, हलवलं. गुलाबी रंग यायला हवा होता. पाणी तसंच, बिनरंगी. मला वाटलं गोळी जुनी असेल. नवीन पाकीट फोडलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

मी धावत कंट्रोल रूममध्ये गेलो. ऑपरेटर शांतपणे खुर्चीत बसला होता. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत ०.८१.

“क्लोरीन संपलंय,” मी म्हणालो.

“छे, हे बघा ना. सकाळपासून काटा हललेला नाही.”

तो हललेला नव्हता, हीच तर गोष्ट होती. क्लोरीनचा आकडा कधी स्थिर नसतो, ऐंशीचा अठ्ठ्याहत्तर होतो, ब्याऐंशी होतो. हा चार तास एक्याऐंशीवर गोठला होता. आकडा येणं थांबलं की ती स्क्रीन शेवटचा आकडा तसाच दाखवत राहायची. क्लोरीनच्या खोलीत जाऊन पाहिलं, तर सिलिंडर रिकामा होऊन बराच वेळ झाला होता. एरवी आकडा उतरू लागला की ऑपरेटर लगेच दुसरा सिलिंडर जोडायचा. आज आकडा उतरलाच नाही.

पंप बंद केले. शहराचं पाणी तीन तास तोडावं लागलं. ऑफिसचे सगळे फोन एकदम खणखणायला लागले. पुढचे आठ दिवस आम्ही जीव मुठीत धरून दवाखान्यांना विचारत होतो. कुणी आजारी पडलं नाही, टाक्यांमध्ये आधीचं चांगलं पाणी पुष्कळ होतं. पण हे नंतर कळलं. त्या दुपारी काहीच माहीत नव्हतं.

ताई तिची वही घेऊन कंट्रोल रूममध्ये आली. तिने एकच विचारलं, “क्लोरीनचा मीटर फिल्टर हाउसमध्येच आहे ना?”

आणि मी मागे वळून लॅबच्या दिशेने पाहिलं. कारण तो तिथं नव्हता. पूर्वी होता. सहा वर्षांपूर्वी तो तिथून काढून माझ्या लॅबमागच्या छोट्या खोलीत, नमुन्याच्या नळाशेजारी बसवला होता. नकाशात कुणी बदल केला नव्हता. आणि मी रोज चार-पाच वेळा त्या नळावर जात होतो, त्या करड्या डब्याला खेटून उभा राहत होतो.

“माझ्याकडे आहे,” मी म्हणालो.

आम्ही दोघं तिथं गेलो. आम्लाच्या बाटल्यांचं कपाट सरकवलं, तर डब्याच्या खालून एक निळी वायर भिंतीत गेलेली. ताईने वाकून डब्यावरचा पुसट कागद वाचला. शेवटी एकशे एकोणीस.

ती सरळ उभी राहिली. मग आपल्या खोलीत गेली, पत्ता भरला, कामाची नोंद केली, ‘लागू करा’ दाबलं. कंट्रोल रूममधून ऑपरेटर ओरडला, “आला, आला, झीरो दाखवतोय.” मोजून चार मिनिटं लागली. तीन आठवडे ती ज्याच्या मागे होती, त्याची नोंद करायला चार मिनिटं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये बैठक झाली. साहेबांचा सूर आधीच ठरलेला होता.

“नेटवर्क सेक्शनने मीटर बंद केला. बरोबर?”

“मी अनोळखी पत्ता बंद केला, सर. तुमच्या सूचनेवरून. ईमेल आहे.”

“मी मीटर बंद करा असं म्हणालो होतो का?”

ताईने फाइलमधून माझा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. “लॅबची यादी. एक कॉम्प्युटर, बाकी निरंक. खाली सही आहे.” माझ्याकडे न बघता बोलली. फुटलेल्या शाईची ती सही सगळ्यांनी पाहिली.

“सह्या गोळा करून काय होतं?” साहेब म्हणाले. “प्रत्यक्ष जाऊन बघायला नको?”

“त्यासाठीच दोन आठवडे आणि वायरमन मागितला होता.”

“हे बघा, बटण कुणी दाबलं?”

तिने कागद पुन्हा फाइलला लावला. बाहेर आल्यावर मी तिच्या मागे गेलो तेव्हा ती हात पाठीमागे घट्ट धरून चालत होती, जणू ते सुटले तर काहीतरी फोडतील. संध्याकाळी तिला मेमो मिळाला. ‘हलगर्जीपणा’ हा शब्द त्यात दोनदा होता.

त्या दिवशी निघताना तिने मला पॅसेजमध्ये गाठलं.

“केमिस्ट, एक विचारू? सिलिंडर साधारण अकराला संपला. बाराला तुमच्या रजिस्टरमध्ये ०.८ आहे.”

“हो.”

“टेस्ट केली होती?”

मला खोटं बोलता आलं असतं. “नाही,” मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि गेली.

रात्रभर विचार करून सकाळी मी साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं, बाराचा आकडा, आधीचे आकडे, सगळं. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

“हे तुम्ही मला सांगितलं नाही असं मी समजतो.”

“पण सर, मेमो त्यांना गेलाय.”

“गेलाय ना? मग विषय संपला. तुमचं रजिस्टर उघडलं तर किती मागे जावं लागेल याची कल्पना आहे तुम्हाला? चौकशी वरपर्यंत जाईल. घरी जा, विश्रांती घ्या.”

मला लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे मला तेव्हा कळलं. मी सरळ ताईच्या खोलीत गेलो आणि झालेलं बोलणं तिला सांगितलं. तिने टायपिंग थांबवलं नाही.

“हे मला कशाला सांगताय?”

“तुम्हाला कळावं म्हणून.”

“मला कालच कळलं होतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मला ऐकवू नका. सांगायचं असेल तर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं या इमारतीत टिकत नाही, हे मी फोन जोडता जोडता शिकलेय.”

मी चार दिवस लावले. खोटं कशाला बोलू, धीर होत नव्हता. बायको म्हणाली, “लिहा किंवा लिहू नका, पण घरात असं फिरू नका.” पाचव्या दिवशी लिहिलं आणि एक प्रत साहेबांना, एक वरच्या ऑफिसला, एक ताईला दिली. ताईने ती वाचली, दुसऱ्या पानावरची शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि फाइलला लावली.

मग मलाही मेमो आला. तिचा मात्र मागे घेतला गेला नाही.

तीन पत्ते अजून राहिलेच होते. आता मात्र तिने मागायच्या आधीच साहेबांनी वायरमन दिला, तोही ज्याने या वायरी टाकल्या होत्या तोच. निवृत्त होऊन पाच वर्षं झालेले वायरमनकाका, एका कानाने कमी ऐकणारे. त्यांना आकडे काही सांगता येईनात.

“काका, एकशे बेचाळीस कुठं असेल?” ताई त्यांच्या चांगल्या कानाशी ओरडायची.

“आकडा नको सांगू पोरी. वायर दाखव.”

वायर दाखवली की ते डोळे बारीक करून म्हणायचे, “ही का? ही टाकताना तेव्हाचे साहेब माझ्या अंगावर धावून आले होते, त्यांच्या नव्या रंगाच्या भिंतीला भोक पाडलं म्हणून. चला.” आणि खरंच ती वायर जुन्या केबिनच्या भिंतीतून गच्चीवर, वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या एका विसरलेल्या यंत्रापाशी निघायची. दीड दिवसात तिन्ही सापडले. मी त्यांच्यामागे शिडी धरून फिरत होतो. ताई माझ्याशी कामापुरतं बोलत होती. शिडी इकडे घ्या, टॉर्च धरा, कपाट सरकवा.

काकांना रिक्षात बसवून देताना ते म्हणाले, “आधी का नाही बोलावलंस गं मला?”

“मला कुणी बोलावू दिलं नाही, काका.”

त्यांना ऐकू गेलं नाही. ते हात हलवून निघून गेले.

मेमो मागे घ्यावा म्हणून तिने तीन अर्ज केले. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर आलं, अर्ज योग्य नमुन्यात नाही. तिने नमुना मागवला, भरला, तिसरा दिला. सात महिन्यांनी एका ओळीचं पत्र आलं, ‘प्रकरण निकाली निघाले असल्याने पुनर्विचार शक्य नाही.’ ते तिने मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, “‘नोंद अवैध’पेक्षा बरं, निदान हे वाक्य तरी पूर्ण आहे.” त्या एका मेमोमुळे त्या वर्षीच्या बढतीच्या यादीत तिचं नाव आलं नाही. दुसऱ्या केंद्रातला एकजण तिच्यावर सेक्शन प्रमुख म्हणून आला. नव्या सॉफ्टवेअरमध्ये पत्त्याची नोंद कशी करायची, ते त्याला तिनेच शिकवलं. आठ दिवस रोज दोन तास, दार लावून. आतून तिचा आवाज यायचा, “नावात जागा सोडू नका. सांगितलं ना, जागा सोडू नका.”

माझी बढती वेळेवर झाली. केमिस्टांच्या फाइली वेगळ्या खात्यात जातात, तिथं माझा मेमो पोचलाच नव्हता. हे मला ऑर्डर हातात पडल्यावर कळलं. मी ऑर्डर घेऊन तिच्या दारात बराच वेळ उभा राहिलो. शेवटी तिनेच वर पाहिलं.

“काय झालं?”

मी सांगितलं. फाइलचंही सांगितलं.

ती स्क्रीनकडे वळली. मग म्हणाली, “अभिनंदन. कुठल्या केंद्रावर?”

“नदीपलीकडच्या.”

“तिथला कंट्रोल रूमचा माणूस फोनवर फार मोठ्याने बोलतो, रिसीव्हर कानापासून लांब धरा.” आणि पुन्हा टाइप करायला लागली.

मी अजून काही बोलायला हवं होतं. ती रागावली होती की दमली होती, ते तिच्या पाठीवरून कळेना, आणि विचारायचा हक्क मला उरला होता असं वाटेना. मी दार ओढून घेतलं. आतून कळांचा आवाज येत होता. मध्येच तो थांबला, आणि तिचा वैतागलेला आवाज आला, “आता काय अवैध आहे यात?”